पाय पसरायला पलंग

टेंभी नाक्यावर फर्निचरच्या दुकानाबाहेर मी पाणीटंचाईची पत्रकं वाटत होते. आतून एका कोळीण मावशींनी हाक मारली, "ए लांबुडके, आत ये गो!" शाळकरी लेकीला घेऊन त्या तिच्या खोलीसाठी पलंग घ्यायला आल्या होत्या. दुकानदार छोटाच पुढे करत होता. "मुलीला मोठा कशाला? उद्या सासरी जाणार!"

माझं डोकंच फिरलं. मी समानतेवर भाषण सुरू केलं, तर मावशी म्हणाल्या, "भाषण नको. माझी पोर वाढून तुझ्याएवढी होनार. तू झोप."

मी पत्रकांसकट त्या छोट्या पलंगावर आडवी झाले. पाय पलंगाबाहेर लोंबले. लेक खिदळत शेजारी पडली, मग मावशीही धपकन आल्या. पलंग कुरकुरला, दुकानदार किंचाळला, आम्ही तिघी हसून लोळलो. छताकडे बघत मावशी म्हणाल्या, "सासरी जाईल, तशी माहेरी पन येल ना? तवा काय पाय दुमडून निजायचं माझे पोरीनं?"

मोठा पलंग हातगाडीवर चढला. पुढे मावशी, "बाजूला व्हा रं!" म्हणत. वर लेक हातपाय ताणून पडलेली, आणि तिच्या पायांपुढे अजून केवढी तरी जागा मोकळी.