ओ पॉझिटिव्ह छापणारे काका

मोरिवली एमआयडीसीत कंपन्यांची ओळखपत्रं छापून देणारे एक काका आहेत. तयार कार्ड शर्टावर पुसायचं आणि "फोटो झकास आलाय" म्हणत हातात द्यायचं, ही त्यांची पद्धत. कामगाराला रक्तगट माहीत नसला, की बिनधास्त 'ओ पॉझिटिव्ह' छापायचे.

रक्तगट तपासणी शिबिराचं पत्रक द्यायला गेलो तेव्हा हे पाहून मी भडकलोच. "काका, रक्त काय अंदाजाने ठरवायचं?"

"टेन्शन नको घेऊ रे. रकाना रिकामा असला तर गेटवर अडवतात. आणि हॉस्पिटलवाले तपासतातच ना?"

"तपासतात. पण तोवर घरचे भलत्याच गटाचे दाते गोळा करत धावतात. तुमचा गट कोणता?"

त्यांनी गळ्यातलं कार्ड दाखवलं. ओ पॉझिटिव्ह. स्वतःच छापलेलं.

शिबिरात काकांचा गट निघाला बी निगेटिव्ह. "याचे दाते पटकन मिळत नाहीत," मी म्हणालो. काकांनी गळ्यातलं कार्ड काढून खिशात टाकलं.

आता कुणी "टाका काहीतरी" म्हटलं, की ते मशीनच बंद करतात. "आधी बोट टोचून ये. फोटो बिघडला तर चालेल, हे नाही."

पुढच्या शिबिरातले निम्मे लोक काकांनी पाठवले होते. उरलेल्यांना ते स्वतः घेऊन आले होते.