केबलचा ताळेबंद

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा माझ्या दादानं आमच्या सक्करदरा वस्तीत घरातूनच व्हिडिओ केबल सुरू केली. समोरच्या खोलीत व्हीसीआर ठेवायचा, सीताबर्डीच्या बाजारातून भाड्यानं कॅसेट आणायची आणि ती लावली की गच्च्यांवरून टाकलेल्या वायरींतून शंभरेक घरांत एकच सिनेमा दिसायचा. दर महिन्याला प्रत्येक घरानं वर्गणी द्यायची, असं ठरलेलं. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली.

पहिल्या वर्षाचा हिशेब मांडायला बसले तेव्हा लक्षात आलं: निम्मी घरं वर्गणीच देत नव्हती. कोणी पुढच्या महिन्यावर ढकलायचं, कोणी शेजाऱ्याच्या वायरीतून चोरून जोडून घ्यायचं. कॅसेटचं भाडं आणि मशीनची दुरुस्ती मात्र रोख द्यावी लागे. वर्षाच्या शेवटी तोटाच होता.

दादा म्हणाला, "वर्गणी येणारच आहे ना? मंग आली असं लिही."

"आली नाही तर कशी लिहू?"

"काटोलवरून वहिनीचे भाऊ येऊन राहिले. पैसे लावतो म्हणतात. तोटा दिसला तर कोण लावीन? सहा महिन्यांत सारं बरोबर करतो. माह्यासाठी एवढं कर वं."

मी नवा कागद घेतला. सगळ्या घरांची बारा महिन्यांची वर्गणी जमा दाखवली. खाली नफा आला. अक्षर मुद्दाम चांगलं काढलं, हे आठवलं की आजही लाज वाटते.

वहिनीचे थोरले भाऊ संत्र्यांचे व्यापारी होते. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला आणि दादाकडे न बघता मला विचारलं, "हे तू लिहिलं?"

"हो."

"बरोबर आहे?"

वहिनी दारात उभी होती, भावाचं कौतुक चेहऱ्यावर मावत नव्हतं. मी म्हटलं, "हो, भाऊ."

त्यांनी पैसे दिले. दादानं दुसरी मशीन घेतली, वायर पार वस्तीतल्या तलावाच्या पलीकडे नेली. घरं वाढली आणि न देणारेही वाढले. वर्ष भरायच्या आत मोठी डिश लावलेला एक माणूस वस्तीत आला. त्याच्या वायरीतून एका सिनेमाऐवजी तीन-चार चॅनेल दिसत. आमची घरं महिन्याभरात त्याच्याकडे गेली. दोन्ही मशीन मिळेल त्या किमतीला विकाव्या लागल्या. दादा सीताबर्डीवर एका टीव्हीच्या दुकानात नोकरीला लागला. भावाचे पैसे बुडाले म्हणून लाजेनं वहिनीनं माहेरी जाणं बंद केलं. मी हिशेबाची वही पुन्हा पुन्हा काढून बघत असे.

एका रविवारी कोणाला न सांगता मी काटोलची बस धरली. भाऊ ओसरीत सुपारी कातरत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: कागद खोटा होता, मला ठाऊक होतं.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तुह्या दादाच्या बोलण्यावर म्या एक रुपया नसता लावला," ते म्हणाले. "तो बोलतोच तसा. तू शिकलेली पोरगी. म्या तुले विचारलं होतं वं."

मी रडायला लागले, पण त्यांनी समजूत घातली नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "माह्या बहिणीले हे सांगू नको. तिले वाटून राहिलं, नुसता धंदा बुडाला. तेच राहू दे."

त्यांच्या बायकोनं वाढलेलं पिठलं-भाकर मी कसंबसं खाल्लं. परतीच्या बसपर्यंत ते सोबत चालत आले. त्यानंतर आमच्या घरी ते फक्त माझ्या लग्नात आले. आहेर दिला, मांडवात न जेवता गेले.

मी काटोलला जाऊन आले त्याच वर्षी दिवाळीला भावानं बोलावलं, तेव्हा मीच वहिनीला माहेरी सोडायला गेले होते. भावानं तिला जवळ घेतलं तेव्हा ती हसत होती. मी आत गेले नाही, फाटकातूनच परत फिरले. तिला मी अजूनही काही सांगितलेलं नाही.