जरा हळू घालव रे

अख्ख्या झाशीत गोष्टी नाहीशा करण्यात माझ्या मावसभावाचा हात धरणारा कुणी नाही. व्हिडिओ गेममध्ये शत्रू मरतो, मग त्याचं धूड तिथेच पडून कसं चालेल? ते कडेकडेने पेटत, भोकं पडत, राख होऊन उडून जावं लागतं. ही राख करणं हा याचा पोटापाण्याचा उद्योग, आणि तो चालतो सीपरी बाजारातल्या घराच्या मधल्या खोलीत. एक डागाडागांचं चित्र घ्यायचं, ते त्या धुडावर पांघरायचं, मग काळ्या डागांखालचं आधी विरतं, पांढऱ्याखालचं शेवटी, असं त्याने मला दहादा समजावलंय. त्या डागांपायी मावशीची पोळी करपली की हा ताटावरून उठून फोटो काढणार. भिंतीला ओल आली तर चुना लावू देणार नाही. गणपतीच्या आरतीत सगळे देवाकडे बघतात, हा कापराकडे. एकदा परातीत वर्तमानपत्रं जाळत बसला, तर शेजारी बादली घेऊन धावले, "अरे भैया, घर फूँकोगे क्या?" हा शांतपणे म्हणाला, "बस दो मिनट, किनार अच्छी आ रही है." परात अजून काळी आहे.

काका, म्हणजे त्याचे वडील, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. "आम्ही जन्मभर डबे जोडले, आणि आमचे कुलदीपक माणसं विरघळवतात!" असं येईल त्याला सांगायचे. मग त्यांचं दुखणं बळावलं, डॉक्टरांनी हात टेकले. नेमकं तेव्हाच याच्याकडे गेममधल्या एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला नाहीसं करायचं काम आलं. कुणी सांगितलं नसताना गाढवाने त्याला काकांचा चेहरा दिला, चष्मा दिला, काठी दिली. काका खूश. "म्हणजे मी गेममध्ये? दाखव की!" दाखवलं. दीड सेकंदात काका गेले.

काका म्हणाले, "एवढ्या लवकर? जरा हळू घालव रे."

याने दीड सेकंदाची दोन मिनिटं केली. कंपनीच्या साहेबांनी कळवलं, तोवर खेळणारा जेवून येईल, दीडच सेकंद हवा. याने ऐकलं नाही, काम गेलं. मी चिडलो, "अरे, चित्र आहे ते!" तर म्हणाला, "दादा, माझ्या हातात तेवढंच आहे." खरे काका पौषात गेले, समोरचा चहा गार व्हायच्या आत.

तेराव्यानंतर मावशी त्याच्या स्क्रीनसमोर येऊन बसली. दोन मिनिटं काकांना विरताना बघत राहिली. शेवटी नुसता चष्मा उरला, मग तोही गेला.

"उलटं फिरतं का रे हे?"

त्याने फिरवलं. आधी चष्मा आला, मग कपाळ, मग काठी धरलेला हात. मला रडू आवरेना. मावशी मात्र पुढे वाकून निरखत होती. "हा स्वेटर नाही रे. निळा घाल, मी विणलेला. थंडी आहे."

तेव्हापासून हा पठ्ठ्या निळा स्वेटर करतोय. काल गेलो तर मावशी शेजारी बसून त्याला एकेक टाका सांगत होती. एक बाही झाली आहे. दुसरीची दोघांनाही घाई नाही.