बासोड्याच्या दिवशीचा मऊ भात

तमाम खवय्यांना, पथ्यकऱ्यांना आणि पथ्यकऱ्यांवर पहारा करणाऱ्या त्यांच्या मुलांना याद्वारे जाहीर कळवण्यात येते की, ज्यांच्या पोटाला दोनच महिन्यांपूर्वी टाके पडले आहेत अशा वडिलांना घेऊन जयपूरच्या जुन्या शहरात, कचोरीवाल्याच्या बरोबर डोक्यावर, कोणीही खोली घेऊ नये. हा हुकूम आजपासून लागू समजावा. तो काढण्याचा अधिकार मला कोणी दिला, असं विचाराल तर एवढंच सांगतो, ती खोली मी घेतली होती.

गोष्ट साठ सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली. त्याआधी आम्ही जयपुरात पाच वर्षं काढली होती. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. बदली झाली तसे आम्ही नागपूरहून तिथे गेलो आणि चांदपोल वेशीच्या आत एका गल्लीत राहिलो. पुन्हा बदली झाली तसे परत आलो. मग वडील निवृत्त झाले, पोटात व्रण निघाला, ऑपरेशन झालं. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी छताकडे बघत जाहीर केलं, "बरा झालो की एकदा जयपूर बघून येतो."

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण तिला पथ्यांची शेपटी लावून. दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. फक्त मऊ भात, दूध, मुगाचं वरण. शिळं नाही, थंड नाही, तळलेलं तर नाहीच नाही. पोट रिकामं राहिलं तर कळ येईल, आणि भलतंसलतं गेलं तर आतले टाके कच्चे आहेत, पुढचं आपल्या हातात नाही. हे "पुढचं" म्हणजे काय ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी ते रोज वेगवेगळ्या रूपांत डोळ्यांपुढे आणत होतो.

आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणात अडकलेली. तिने मला स्टेशनावर बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ते तुला सांगतील, वास घेतोय फक्त. विश्वास ठेवू नकोस. जसे नेतोयस तसे परत आण." मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. कोणी माझ्या हातात सबंध माणूस सोपवायची ती पहिलीच वेळ.

डॉक्टरांनी सांगितलेल्या कळेचा नमुना गाडीतच मिळाला. मधल्या एका स्टेशनात गाडी दीड तास अडकली, जवळचं दूध संपलं होतं, आणि वडील बाकावर पोट धरून असे वाकले की त्यांचं कपाळ गुडघ्याला टेकलं. तोंडातून आवाज नाही. तो नसलेला आवाज मला जयपूर येईपर्यंत ऐकू येत होता.

जयपुरात वडिलांच्या कचेरीतले एक जुने मराठी स्नेही होते, सी-स्कीम या नव्या वसाहतीत ऐसपैस घर, बाग, पंखा. त्यांचं पत्र आलं होतं, आमच्याकडेच उतरा. वडिलांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं.

"सी-स्कीममध्ये काय आहे? बंगले आणि बँका. बँकेचा वास घ्यायला मी एवढ्या लांब आलो नाही."

म्हणून आमची जुनीच गल्ली, जुनीच घरमालकीण, आणि वरच्या मजल्यावरची खोली. खाली कचोरीवाला. समोर जिलबी. त्याच्या शेजारी दुधाची कढई, जिच्यात दुपारपासून दूध आटत आटत संध्याकाळी गुलाबी व्हायचं. कोपऱ्यावर मिरचीवडे. सकाळी सहाला हिंग आणि बडीशेप घातलेल्या मसाल्याची पहिली वाफ आमच्या खिडकीतून आत यायची आणि वडील डोळे मिटून खाटेवर ताठ बसायचे, जसं कोणी पूजेला बसावं. मी खिडकी लावायचो. ते म्हणायचे, "उघड. वासाला टाके नसतात."

मी नागपूरहून पंपाचा स्टोव्ह, तांदूळ आणि एक पातेलं आणलं होतं. दर दोन तासांनी त्या खोलीत स्टोव्ह घरघरायचा, मी भात घोटायचो, वडील कडू तोंड करून गिळायचे, आणि पुढचा अर्धा तास मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचो. कळ आली तर अर्ध्या तासात येते, हे मला पाठ झालं होतं. खालून कचोरी तळल्याचा आवाज येत राहायचा. तीन दिवस असे गेले. आमच्या मांजींनी, म्हणजे घरमालकिणीने, पहिल्याच दिवशी वडिलांना बघून विचारलं होतं, "बाबूजी, आधा कठै छोड आया?" अर्धे कुठे सोडून आलात? त्या साठीच्या, ठेंगण्या, चेहऱ्यावर देवीचे वण. बोलताना वण हसायचे.

चौथ्या दिवशी मांजी सकाळपासून तळायला बसल्या. पुऱ्या, पुवे, भजी. थाळ्या भरल्या, परात भरली. मी जिन्यातून विचारलं, "शादी है क्या, मांजी?"

"काल बासोडो छै, भाया. थे भी आज ही पका लीजो."

मी मान डोलावली. त्यांच्या बोलण्यातलं जे समजायचं नाही त्याला मी मान डोलवायचो, आणि जे समजायचं त्यालाही. त्यांच्या बोलीत 'काल' म्हणजे उद्याही; बासोडो हा काही सण आहे, उद्या त्यांना स्वयंपाक करायचा नसेल, इतपत अर्थ मी लावला. पाच वर्षं त्या गल्लीत राहिलो खरा, पण तेव्हा मी कॉलेजात होतो आणि सण म्हणजे सुट्टी एवढंच मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सात वाजता थर्मासमधलं रात्रीचं दूध वडिलांनी संपवलं. नऊला भात. साडेआठला मी तांदूळ धुतले आणि स्टोव्हला पंप मारू लागलो. चार-पाच झटके झाले असतील, तोच जिन्यावर धाप लागल्याचा आवाज आला. मांजी दारात. देवळातून आल्या होत्या, कपाळाला ओलं कुंकू.

"ना, ना! आज घर मैं आग कोनी जळै!"

"मांजी, हमारे कमरे में..."

"कमरो घर मैं ही तो छै."

मग त्यांनी मला सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. आज बासोडो, म्हणजे शीतला मातेचा दिवस. मातेला थंड लागतं. आज चूल, शेगडी, दिवा, काही पेटवायचं नाही. काल केलेलं आज खायचं. पेटवलं तर माता रुसते, आणि माता रुसली की काय होतं ते सांगताना त्यांनी बोट आपल्या गालावर ठेवलं. मग तेच बोट खाली अंगणाकडे केलं, जिथे त्यांची नात दोरीवरून उड्या मारत होती. "बेटी तो गई," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यांची मुलगी देवीच्या साथीत गेली होती, हे मला माहीत होतं.

मी पंपावरचा हात काढला.

आता जरा परिस्थिती बघा. डॉक्टरांनी तीन गोष्टी मना केल्या होत्या: शिळं, थंड, तळलेलं. आणि शिळं, थंड, तळलेलं खाणं हाच त्या दिवसाचा धर्म होता! जयपूरभर घराघरांत परातीच्या पराती भरून अन्न, आणि त्यातला एक घास माझ्या वडिलांच्या कामाचा नाही. मी खिडकीतून डोकावलो. कचोरीवाल्याची भट्टी थंड. जिलबीची थंड. दुधाच्या कढईवर झाकण. त्या दिवशी गल्लीत गरम घेणारं गिऱ्हाईकच नसतं, तर कोण कोळसा जाळणार? दूधवाल्याचं दूध होतं, पण कच्चं, आणि कच्चं दूधही पथ्याच्या यादीत फुलीचं.

"असू दे," वडील म्हणाले. "एक दिवस नाही खाल्लं तर मरत नाही कोणी."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

मला एकदम सी-स्कीम आठवलं. मराठी घर! तिथे कुठली शीतला माता? मी डबा घेतला, टॉवेल घेतला, वडिलांना बजावलं, "कुठेही जाऊ नका, काहीही खाऊ नका," आणि धावत खाली उतरून सायकलरिक्षा पकडली. पावणेनऊ. सगळा बाजार पूजेच्या थाळ्या घेतलेल्या बायकांनी भरलेला. रिक्षावाल्याला मी दर मिनिटाला "जल्दी, भैया" म्हणत होतो. शेवटी तो मान वळवून म्हणाला, "बाबूजी, आज तो सब ठंडा है, आप क्यों गरम हो रहे हो?" मला हसू आलं नाही. आज येतं.

दार वडिलांच्या स्नेह्यांच्या बायकोने, काकूंनी उघडलं. मूळच्या साताऱ्याच्या, बारा वर्षं जयपुरात.

"अगं बाई! बाबांना काय झालं?"

"अजून काही नाही. काकू, वाटीभर मऊ भात टाका. पटकन. डब्यातून नेतो."

काकूंच्या मागून त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी पुढे आली आणि मला समजूत घालायच्या सुरात म्हणाली, "काका, आज बासोडा आहे ना. मतलब, आज आग नाही पेटवते."

मी काकूंकडे बघितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"हिला कांजिण्या झाल्या होत्या ना, तेव्हा शेजारच्या बाईंनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. तेव्हापासून पाळतो."

"काकू, तुम्ही साताऱ्याच्या!"

"मी साताऱ्याची असले तरी मुलगी इथलीच आहे."

मग त्यांनीच घाईने म्हटलं, "थांबा, लावते मी शेगडी. आजारी माणसासाठी आहे, देवी समजून घेईल." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्यासुद्धा. पण काड्यापेटी फळीवरून काढताना त्यांची नजर मुलीच्या तोंडावर गेली. ती मुलगी रडत नव्हती. नुसती दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती, सुई टोचायच्या आधी मुलं उभी राहतात तशी.

"राहू द्या, काकू," मी म्हणालो.

"मग पुऱ्या तरी खा. सकाळपासून काही पोटात गेलंय का तुमच्या? तोंड बघा कसं झालंय." मी पायरी उतरत होतो. त्या मागून ओरडल्या, "म्हणून म्हणत होते, आमच्याकडे उतरा!" त्यांच्याकडे उतरलो असतो तरी शेगडी थंडच असती, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

परतीची रिक्षा मिळायला वेळ लागला. चांदपोलला पोचेपर्यंत अकरा वाजत आले. चार तास. गाडीत दीड तासात ते तसे वाकले होते. मी रिकामा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मनातल्या मनात आईला तार लिहीत होतो. पहिली ओळ सुचत नव्हती.

जिना दोन दोन पायऱ्यांनी चढलो. खाट रिकामी. चादर चुरगळलेली, एका कडेला ओढलेली. वडिलांच्या चपला नाहीत. मी गॅलरीत गेलो, ओरडायला तोंड उघडलं, आणि खाली अंगणात ते दिसले. पाटावर मांडी घालून बसलेले, हातात काशाचा मोठा वाडगा. समोर मांजी.

मी कसा खाली उतरलो ते मला आठवत नाही. डबा जिन्यातून गडगडत माझ्या आधी पोचला.

"बाबा! काय खाताय?"

"ओरडू नकोस. दहीभात आहे. हे लोक ओलिया म्हणतात."

"शिळा आहे तो!"

"कालचा आहे."

"थंड आहे!"

"दहीभात गरम खातात का रे?"

"किती खाल्लात?"

वडिलांनी वाडग्यात बघितलं. मांजींनी तीन बोटं वर केली, तीन वाडगे. नऊच्या सुमारास बाबूजींना कळ आली, ते जिन्यात बसले, तेव्हा त्यांनी त्यांना धरून खाली आणलं, असं त्या सांगत होत्या. तेल नाही, मिरची नाही, भात हाताने कुस्करून, दही घुसळून, चमच्याने पहिले चार घास त्यांनीच भरवले होते. परक्या घरच्या आजारी माणसाला आपण काय दिलं, याची धास्ती त्यांनाही होतीच.

आता अर्धा तास. मी वडिलांसमोर जमिनीवर बसलो. मांजी चौकटीला टेकून बसल्या. त्यांच्या नातीनेही दोरी खाली टाकली आणि आमच्याकडे बघत राहिली. वडिलांनी दोनदा पोटावरून हात फिरवला, दोन्ही वेळा मी अर्धा उठलो. एकदा त्यांनी कपाळाला आठी घातली. मी पुढे सरकलो. "माशी," ते म्हणाले. वर खोलीतलं घड्याळ दिसत नव्हतं म्हणून मी सावली सरकताना बघत होतो. ती तुळशीच्या कट्ट्यावरून खाली उतरली, फरशीची एक फट ओलांडली, दुसरी ओलांडली.

वडिलांनी भिंतीला पाठ टेकली. डोळे मिटले. मी त्यांच्या नाकापुढे हात धरला. ते घोरायला लागले.

दोन महिन्यांत ते दिवसा एकदाही झोपले नव्हते.

मी उठायला गेलो. अंगण एका बाजूने वर आलं, तुळस तिरकी झाली, आणि मी जिथून उठलो होतो तिथेच मटकन परत बसलो. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मांजींनी एकदा घोरणाऱ्या वडिलांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अरे राम! बाबूजी तो भला-चंगा छै, बीमार तो यो छोरो छै!"