ऑइलचा वास गेला तेव्हा

जयराम गावसांच्या व्हॅनमध्ये बसलं की जळक्या ऑइलचा वास यायचा. सुर्ला गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. व्हॅन जुनी, इंजिन पुढच्या सीटखाली, आणि जयरामनी अर्धं आयुष्य खाणीवर खनिज वाहायचा टिपर चालवलेला. खाणी बंद पडल्या, टिपर विकला गेला आणि ही व्हॅन दारात आली. बाजार, देऊळ, लग्न, इस्पितळ, कुठेही जायचं झालं तर वाड्यावरची माणसं जयरामनाच हाक मारत. गाडी त्यांनी कधी गॅरेजात नेली नाही. घरासमोर फणसाखाली चटई टाकून ते स्वतःच तिच्या खाली शिरत.

फाल्गुनात त्यांची मुलगी सिद्धी पहिल्या बाळंतपणासाठी पेडण्याहून माहेरी आली. जावई साईश तिकडे कारखान्यात कामाला, त्यामुळे तिला फोंड्याला डॉक्टरीणबाईंकडे दाखवून आणण्याचं काम जयरामकडे आलं. पहिल्याच खेपेला सिद्धी नाकाला ओढणी लावून बसली. वासानं पोटात ढवळतं म्हणाली आणि परतताना वाटेवरचं पाळी गाव यायच्या आत मागच्या सीटवर आडवी होऊन झोपली. तिची आई विमला पुढे बसली होती, तिचंही डोकं ठणकत होतं. घरी आल्यावर विमलाने नवऱ्याला सांगितलं, पुढच्या खेपेआधी या वासाचं काहीतरी करा.

दुसऱ्या दिवशी जयरामनी सीट उचलली. दोष समोरच होता. इंजिनच्या माथ्यावर झाकण असतं, त्याखालचं रबरी पॅकिंग जुन्या चपलेसारखं कडक होऊन चिरलं होतं. तिथून ऑइल झिरपायचं आणि खालच्या तापलेल्या नळ्यांवर पडून जळायचं. डिचोलीहून त्यांनी नवं पॅकिंग आणलं. झाकण उतरवलं, तुकडे आत पडू नयेत म्हणून उघड्या इंजिनावर फडकं अंथरलं, कडेला चिकटलेलं रबर खरवडून काढलं, पेट्रोलने पुसलं. नवं पॅकिंग खाचेत बसवून बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आणले. हात सरावाचा होता, चूक झाली नाही.

मग ते नळ्यांवर सांडलेलं ऑइल पुसू लागले आणि पुसता पुसता थांबले. धुराच्या नळ्या इंजिनला जिथे जोडल्या जातात तिथेही एक पॅकिंग असतं, पत्र्याचं. त्याच्या कडेने काजळीची काळी रेघ उठली होती. धूर तिथून फुटत होता. सकाळी गार इंजिन चालू केलं की टक् टक् असा आवाज यायचा, तो इथलाच. जयरामनी नटाला पाना लावून पाहिला. एक नट जरासा फिरला आणि करकरला, बाकीचे गंजून बोल्टशी एकजीव झाले होते. जोर लावावा तर बोल्ट इंजिनातच तुटायचा, मग गाडी कितीतरी दिवस उभी, आणि सिद्धीची तपासणी तोंडावर आलेली. त्यांनी पाना काढून घेतला. जरासा धूर फुटतोय, बाकी नुसता आवाजच आहे, बाळंतपण झाल्यावर बघू, असं त्यांनी विमलाला सांगितलं.

विमला सोप्यावर वाल सोलत होती. तो धूर आत येणार नाही ना, असं तिने विचारलं.

“धूर इलो तर वास येतलो मगे,” जयराम म्हणाले.

वास खरोखरच गेला. पुढच्या खेपेला सिद्धीने ओढणी नाकावरून काढली आणि गाडी नवी झाली म्हणून बापाचं कौतुक केलं. पण फोंड्याहून परतताना ती मागच्यापेक्षा लवकर झोपली आणि घरी उतरवताना तिला दोघांनी धरावं लागलं. त्या दिवशी विमलाने बाजारातून कोंबडीची पिल्लं घेतली होती. पुठ्ठ्याचा खोका तिने पुढच्या सीटमागे ठेवला होता. घरी येऊन उघडला तर दोन पिल्लं मेलेली होती आणि उरलेली माना टाकून बसली होती. उन्हाने गेली असतील, असं सगळ्यांनी धरलं. शेजारची विनोदिनी मात्र म्हणाली की पाळी गावाच्या पुढे, जिथे खाणीच्या खड्ड्यात हिरवं पाणी साचलंय, त्या वळणावर देवचाराची, म्हणजे राखणदार भुताची, जागा आहे, पोटुशीला तिथून नेताना काहीतरी ठेवायला हवं. विमलाने पुढच्या खेपेसाठी एक नारळ बाजूला काढला. जयरामना स्वतःला काहीच होत नव्हतं. टिपरच्या सवयीने ते कोपर बाहेर टाकून गाडी चालवत, त्यांच्या बाजूची काच कायम खाली.

चैत्रातल्या खेपेला विमलाने वळणावर नारळ ठेवला. पुढे थोड्या अंतरावर रस्ता तुंबला होता. खाणीवर पडून असलेला माल पुन्हा वाहायला लागला होता आणि टिपरांची रांग जागच्या जागी उभी होती. लाल धूळ खाली बसतच नव्हती. सिद्धी खोकू लागली, म्हणून जयरामनी आपलीही काच वर केली. बॅटरी कमजोर होती, बंद केलेलं इंजिन पुन्हा लागेल याची खात्री नव्हती, तेव्हा त्यांनी ते चालूच ठेवलं.

सिद्धीने एकदा विचारलं, अजून किती वेळ. नंतर तिचा आवाज आला नाही. विमलाचं डोकं काचेला टेकलं होतं. दोघींना डोळा लागला तर बरंच झालं, असं जयरामना वाटलं. त्यांच्या कानशिलात ठोके पडत होते. समोरच्या टिपरचा लाल दिवा पसरत पसरत मोठा दिसू लागला. काच खाली करावी असं मनात आलं, पण मांडीवरचा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडून राहिला. भीती मात्र वाटली नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांना धास्ती वाटली ती याच गोष्टीची.

रांग हलली, व्हॅन हलली नाही. मागच्या टिपरवर कृष्णनाथ होता, जयरामसोबत खाणीवर गाडी मारलेला. हॉर्न देऊन कंटाळला तेव्हा शिव्या देतच तो खाली उतरला, दार उघडलं, आणि जयराम त्याच्या अंगावर कलंडले. त्याने तिघांनाही बाहेर ओढून रस्त्याकडेच्या काजूखाली निजवलं. जयराम शुद्धीवर आले तेव्हा कृष्णनाथ तोंडावर पाणी मारत होता.

“आत कसलोच वास ना,” तो म्हणाला. “पण दार उघडलां तर माझाच डोकां गरगरला.”

दुसऱ्या गाडीने, सगळ्या काचा खाली करून, त्यांना फोंड्याला नेलं. तिघांना ऑक्सिजन लावला. विमला लवकर सावरली, सिद्धीने संध्याकाळी डोळे उघडले. बाळाचे ठोके सापडायला वेळ लागला. डॉक्टरीणबाई यंत्र फिरवत राहिल्या. शेवटी ठोके सापडले. चालू आहेत, त्या म्हणाल्या, पण बाळाला किती बाधलंय ते आज सांगता येणार नाही. मग बाहेर येऊन त्यांनी जयरामना विचारलं, गाडीचा धूर आत येतो का, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो.

“येता,” जयराम म्हणाले. “धूर फुटता तां माका ठावक होतां.”

सिद्धीला तिथेच ठेवून घेतलं. जयराम घरी आले आणि त्यांनी पुन्हा सीट उचलली. नटांवर ऑइल सोडलं, मुरू दिलं, तापवलं. तरी एक बोल्ट तुटलाच, तो ड्रिल मारून काढावा लागला. पत्र्याचं पॅकिंग हातात आलं तेव्हा बोट जाईल एवढा भाग जळून नाहीसा झालेला होता. दोन्ही बाजू घासून सपाट केल्या आणि नवं बसवलं. सीटखालच्या झाकणाचं फाटकं रबरही बदललं, धूर तिथूनच आत शिरायचा. टक् टक् आवाज थांबला.

इस्पितळातून कपडे न्यायला आलेली विमला अंगणात शिरली तेव्हा व्हॅन फणसाखाली चालू होती, चारी काचा बंद, आणि जयराम आत बसले होते. ते हलत नव्हते. तिच्या हातातली पिशवी पडली. तिने धावत जाऊन दार खेचलं. जयरामनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“डोकां दुखता काय बघतंय,” ते म्हणाले.

विमलाने आत हात घालून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडल्यावर ती म्हणाली, “आणि नाय दुखलां तर? परत तिका हेच्यात बसयतल्यात?”

व्हॅनमध्ये त्यानंतर कुणी बसलं नाही.

वैशाखात, तारखेच्या बऱ्याच आधी, सिद्धीला मुलगी झाली. बाळ अंगाने लहान, पण ठीक आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऐकू येणं, नजर, मान धरणं, बसणं, हे सगळं ज्या त्या वेळी तपासत राहायला सांगितलं. सिद्धीने बापाला एका शब्दाने दोष दिला नाही. तेच जयरामना जड गेलं.

मुलगी शांत आहे, रडत नाही, असं बघायला येणाऱ्या बायका कौतुकाने म्हणतात. दुपारी घर निजलं की जयराम पाळण्याजवळ जाऊन उभे राहतात. बाळ हललं नाही तर ते बोटाने तिचा तळवा दाबतात. ती पाय आखडून घेते. कधी लगेच, कधी जरा उशिराने.