शिमग्यापर्यंत न टिकलेले रविवार

मिठाईची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात राखीपासून दिवाळीपर्यंत रविवार नावाचा वार नसतो. लोकांचे सण गोड व्हावेत म्हणून आमची माणसं पुठ्ठा कापत असतात, डिंकाने बोटं चिकटवून घेत असतात, आणि मी कॅलेंडरकडे बघत असतो. माझ्या नेमणुकीच्या पत्रात मॅनेजर असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात हजेरी, पगार, चहाची पावडर आणि मोरीचा गळका नळ एवढं माझ्या हाताखाली येतं. त्यातला नळ माझं ऐकत नाही.

याआधी मी ऐरोलीच्या एका काचेच्या इमारतीत नोकरीला होतो. तिथे खर्चकपात झाली, आणि कपात करण्याजोगा खर्च म्हणून मी सापडलो. मग दिघ्याच्या अलीकडच्या या शेडमध्ये आलो. आमचे शेठ मूळचे खाडीकाठच्या गावातले. वडलांची भाताची खाचरं शहरासाठी गेली, पोराने आधी रेती, मग विटा आणि शेवटी हा कारखाना असा प्रवास केला. रविवारी काम केलेल्यांना बदली सुट्टी द्यायची त्यांची पद्धत अगदी सोपी होती. शेडमधून जाताना कुणाच्या तरी पाठीवर थाप मारायची आणि म्हणायचं, जा रं, घे दोन दिस. ते विसरून जायचे. ज्याच्या पाठीवर थाप पडली तो विसरायचा नाही, आणि शेजारी उभा असलेलाही थाप आपल्यालाच लागली असं धरून चालायचा. दिवाळीनंतर यावरून जी भांडणं लागायची ती मिटवताना शेठचा घसा बसायचा. म्हणून त्यांनी मला बोलावून सांगितलं की तू शिकलेला हायस, याचं कायतरी बसवून टाक.

मी बसवलं. इतकं चोख बसवलं की माझा मलाच हेवा वाटला. जो रविवार कामात जाईल त्याच्या बदली एक भरपगारी सुट्टी. अर्ज पंधरा दिवस आधी, लेखी. आणि डिसेंबर संपेपर्यंत जी सुट्टी घेतली नाही ती बाद. हे शेवटचं कलम मी ऐरोलीच्या जुन्या ऑफिसातून जसंच्या तसं उचललं होतं. तिथे डिसेंबरात अर्धी माणसं गोव्याला जायची आणि उरलेली अर्धी त्यांचे फोटो बघायची, काम कुणीच करायचं नाही, त्यामुळे ते कलम तिथे गुण्यागोविंदाने नांदत होतं. आमच्याकडे दिवाळी संपली की लग्नाच्या पेढ्यांची खोकी सुरू होतात, आणि डिसेंबरात सुट्टी मागणाऱ्याकडे शेठ असे बघतात की तो माणूस मुकाट्याने मशीनवर परत जातो. हे हजेरी लावणाऱ्या मला ठाऊक होतं. नियम करणाराही मीच होतो. पण हे दोघे एकाच खुर्चीवर बसत असूनही त्यांची कधी गाठ पडली नाही.

चहाच्या सुट्टीत मी कागद वाचून दाखवला आणि भिंतीवर चिकटवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, संमती. खरं म्हणजे बदली सुट्टी मिळणार एवढं ऐकल्याबरोबर प्रत्येकाचे कान आपापल्या गावाला निघून गेले होते, पुढचं ऐकायला शेडमध्ये कुणी उरलंच नव्हतं. शेठ तर इतके खूश झाले की आजूबाजूच्या कारखानदारांना बोलावून त्यांनी तो कागद दाखवला. मीही तिथे हात मागे बांधून, लाजल्यासारखं करत उभा राहिलो.

माघ संपत आला तेव्हा मामा माझ्या टेबलाशी आले. मामा म्हणजे आमच्या पंचिंग मशीनवरचे कारागीर. पन्नाशी ओलांडलेले, राजापूरकडचे. पुठ्ठ्यावर खोक्याचा आकार कापणारा साचा, ज्याला आम्ही डाय म्हणतो, तो मशीनवर बसवणं हे त्यांचं काम. डाय सुताएवढी सरकली तरी खोकं नीट मिटत नाही, आणि ती त्यांच्यासारखी बसवणारं दुसरं कुणी आमच्याकडे नाही. त्यांनी सगळ्या सीझनमध्ये एकही रविवार चुकवला नव्हता. गणपतीलाही गेले नव्हते. कोकणी माणूस गणपतीला गावी जात नाही म्हणजे त्याच्या मनात काहीतरी मोठं आहे, हे कुठल्याही शहाण्याने ओळखलं असतं. मी ओव्हरटाइमची हौस समजलो होतो.

"साहेब, शिमग्याला जायचंय. तेवढे माझे रविवार काढा."

मी म्हटलं, "काढा म्हणजे काय मामा, तुमचेच आहेत. खुशाल जा."

मामा बसले. एरवी ते माझ्यासमोर बसत नाहीत. मग त्यांनी सांगितलं. गावच्या घरात त्यांचा थोरला भाऊ राहायचा. गुडघे गेले तसा तो मुलाकडे सुरतेला गेला, आणि घराला कुलूप लागलं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. वर्षातून एकदा देवच आपल्या उंबऱ्याशी येतो, तेव्हा दार उघडं लागतं, ओटी भरायला घरचं माणूस लागतं. गेल्या वर्षी पालखी आली तेव्हा दार बंद होतं. शेजाऱ्यांनी यांच्या नावाने पायरीवर नारळ ठेवला.

"देव आला आणि कुलूप बघून गेला," मामा म्हणाले. "यंदा पुन्हा तसं नको."

आम्ही देशावरचे. आमच्याकडे होळीला पुरणपोळी खायची, बोंब मारायची आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं. त्यामुळे मला हे सगळं ऐकायला छान वाटलं. मामा उठून गेल्यावर त्यांचे रविवार मोजायला मी कॉम्प्युटर उघडला, आणि त्यांच्या नावापुढे शून्य दिसलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. सगळ्यांच्याच पुढे शून्य होतं. एक जानेवारीला सगळ्या शिल्लक सुट्ट्या आपोआप पुसल्या जातील अशी सोय मीच करून ठेवली होती, आणि ती या कारखान्यातली एकमेव गोष्ट होती जी न बिघडता चालली होती.

 त्या दिवसापासून मामा दिसले की मी दुसऱ्या दाराने जायचो. आमच्या शेडला दुसरं दार नाही, त्यामुळे बहुतेक वेळ मी मोरीत नळाशी झटापट करत असल्याचं नाटक करत होतो. मामा मात्र रोज एकेक गोष्ट सांगायचे. पुतण्याला चावी कुठे ठेवली ते विचारलं. घर सारवायला कुणाला तरी सांगितलं. मामी देवीच्या ओटीसाठी साडी घेऊन आल्या. प्रत्येक बातमीसरशी मी नळ अजून घट्ट पिळत होतो.

मी उपाय केले नाहीत असं नाही. मामांना सुचवलं की शिमग्याच्या सुमाराला तुमची दाढ दुखायला लागली तर, म्हणजे माणसाची दाढ दुखू शकते, आजारपणाच्या रजा तुमच्या पडूनच आहेत. मामांनी कानाला हात लावला. देवाच्या कामाला जाताना तोंडात खोटी दाढ घेऊन जाऊ काय, म्हणाले. आणि मग, माझे रविवार आहेत ना, असं विचारलं. मी म्हटलं, आहेत की. हे मी कुठल्या तोंडाने म्हटलं ते अजून मला कळलेलं नाही.

दुसरा उपाय म्हणजे जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये कुणी नसताना भिंतीवरच्या कागदातल्या 'डिसेंबर'वर पेन चालवून बघणं. डिसेंबरचा मार्च होतो का हे मी मान वाकडी करून अजमावत होतो. मागून खोकी चिकटवणाऱ्या, म्हणजे पेस्टिंगच्या ताईंचा आवाज आला, साहेब, स्वतःच्या अक्षराच्या प्रेमात पडलात काय. मी पेन खिशात घातलं. टोपण न लावता. त्या शर्टाचा डाग घरी दाखवावा लागला, आणि जुईनगरच्या आमच्या दीड खोल्यांत काही लपत नाही, म्हणून बायकोला सगळं सांगून टाकलं. तिने शर्ट साबणाच्या पाण्यात बुडवला.

"म्हणजे त्यांनी घाम गाळून साठवलं, आणि तू जानेवारीत ते भंगारात दिलंस."

मी म्हटलं, मुद्दाम नाही. ती म्हणाली, मुद्दाम करायला आधी लक्षात यायला लागतं. मग भाजी परतता परतता एवढंच म्हणाली की शेठला सांग, उद्या सांग, आणि नळाचं निमित्त काढू नकोस.

शेठसमोर उभं राहून मी जे बोललो त्याची सुरुवात पुठ्ठ्याच्या भावापासून झाली. तिथून मी हळूहळू राजापूरला पोहोचलो.  माझं संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"देव काय तुजा कागद वाचून येनार हाय?"

मी नाही म्हटलं.

"मंग? आमचे गावान पन पालखी निगते. दार बंद ठेवलेला मानूस वरीसभर तोंड लपवतंय." मला वाटलं, सुटलो. पण शेठ शेठ आहेत. "पन एकल्या मामाला नाय द्याची. समद्यांचे रविवार परत कर, नायतर कोनाचाच नको. आनि पाडव्याची ऑर्डर हाय. मशीन थांबली तं मामाला नाय, तुना इचारीन."

पाडव्याची ऑर्डर ही होळीनंतर पंधरवड्यात द्यायची खोकी. आणि समदे म्हणजे निम्मा कारखाना, कारण आमच्याकडे निम्मे लोक चिपळूणपासून मालवणपर्यंतचे. सगळ्यांचे रविवार परत केले की सगळे शिमग्याला जाणार, डायही जाणार आणि डिंकही जाणार, आणि मागे मी आणि नळ उरणार. मी कागदावरचं शेवटचं कलम खोडलं, सगळ्यांना तसं सांगितलं, आणि अपेक्षेप्रमाणे सगळे एकदम टेबलाशी आले.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की शिमगा हा एक दिवस नसतो. कुणाच्या गावी तो पंचमीला सुरू होतो, कुणाकडे पौर्णिमेला. एका गावातसुद्धा पालखी आज या वाडीत, परवा त्या वाडीत अशी फिरत असते. म्हणजे निम्मा कारखाना जाणार हे खरं, पण एकदम जाण्याचं कारण नव्हतं. मला अत्यानंद झाला. मी लगेच प्रत्येकाला तारीख विचारली. सगळ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. तारीख गावकी ठरवते, गावकीची बैठक अजून व्हायची आहे, आणि बैठकीत पालखी आधी कुणी उचलायची या मानावरून वाद झाला तर ती पुन्हा होते. पंधरा दिवस आधी लेखी अर्ज, हे माझं दुसरं कलम. मामांनी ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, हा अर्ज देवळात द्यायचा की गुरवाकडे. तेही खोडलं. आता कागदावर माझी सही आणि पहिली ओळ उरली होती.

मग फोनची वाट बघणं. मी मामांपेक्षा जास्त बघत होतो. कुणाचा मोबाइल वाजला की मी खुर्चीवरून उठायचो. इतरांच्या तारखा एकेक करून आल्या, मी माणसं इकडची तिकडे लावली, पेस्टिंगच्या ताईंनी दोन रांगांचं काम एकीवर घेतलं. मामांच्या गावची बैठक तेवढी मोडत होती. शेवटी निरोप आला तेव्हा ऑर्डरचा पुठ्ठा उतरून शेडमध्ये रचलेला होता. त्यांच्या वाडीत पालखी यायचा दिवस आणि आमच्या कापणीचा दिवस एकच.

 मामाच म्हणाले की निघायच्या आधी डाय लावून देतो, हेल्पर कापत राहील, फक्त कुणी हात लावू नका. लावली. दहा खोकी मिटवून बघितली. मग मशीनला नमस्कार करून संध्याकाळच्या एसटीने गेले.

दुसरा दिवस मी मशीनपाशी स्टूल टाकून काढला. डायकडे कुणी नुसतं बघितलं तरी मला आवडत नव्हतं. शेठ दोनदा येऊन कापलेल्या थप्प्या बघून गेले. कापणी चालू राहिली. दुपारनंतर मला भूकही लागली, म्हणजे बरं चाललं होतं. तेवढ्यात मामांचा फोन आला. मागे ढोल नव्हता, कोंबडं ओरडत होतं.

"साहेब, पालखी वरच्या वाडीत अडकली. मानाचं काहीतरी निघालं. आज येत नाही, उद्या म्हणतायत." मग म्हणाले, "मी निघू की थांबू?"

समोर हेल्पर मशीन थांबवून डायकडे वाकून बघत होता. खोक्याची एक बाजू किंचित उघडी राहत होती. मी फोनवर हात ठेवला, खोकं दोनदा मिटवून पाहिलं. दुसऱ्यांदाही ते मिटलं नाही.

मी मामांना म्हटलं, थांबा, दार उघडं ठेवा. फोन बंद केला, ते खोकं हातात घेतलं आणि शेठच्या केबिनकडे चालू लागलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या भावापासून सुरुवात करायची नाही, एवढंच ठरवलं होतं.