टाकायची पानं

शिंप्याच्या दुकानात शर्टांना काजं करायचं काम, म्हणून सगळे त्यांना काजवाल्या बाईच म्हणत. वय साठीला टेकलेलं. नवरा जाऊन चार महिने झाले होते. तो टपालात पत्रं निवडायचा आणि बोलण्याच्या बाबतीत पक्का कंजूष. एकतीस वर्षांच्या संसारात ‘मीठ कमी आहे’ आणि ‘दार लावून घे’ यापलीकडे त्याची गाडी फारशी गेली नाही. तरी तो गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की बाई मोरीतला नळ मुद्दाम थोडा सुटा ठेवायला लागल्या.

एके दिवशी नवऱ्याचा मित्र, घड्याळं दुरुस्त करणारा, दारात आला. ‘‘वहिनी, आमचा चौथा गडी गेला. तिघांत पोकरचा डाव रंगत नाही. येता का?’’

‘‘मला कुठे पोकर येतं, भावोजी?’’

‘‘आम्हाला तरी कुठे येतं? शिकाल.’’

शनिवारी दुपारी घड्याळवाला शटर अर्धं ओढून घ्यायचा आणि मागच्या खोलीत डाव बसायचा. सोबत निवृत्त ड्रॉइंगमास्तर आणि बस चालवून चालवून कंबर धरलेला ड्रायव्हर. पैशांच्या जागी बटणं. बाईंनी ती पाहिली आणि हात लावून म्हणाल्या, ‘‘अहो, ही तर माझ्या डब्यातली!’’

मास्तर ओशाळले. ‘‘आम्हाला वाटलं, तुम्हीच देऊन पाठवता.’’

घड्याळवाल्याने खेळ समजावला. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली. मग मधे पाच पानं सगळ्यांची मिळून, उघडी. ‘‘पण खरा निर्णय आधीच. हातातली दोन पानं बघायची आणि ठरवायचं, खेळायचं की टाकायची. मोठी जोडी असली, एक्का-राजा असला, तर खेळा. लागोपाठची आणि दोन्ही बदाम, दोन्ही इस्पिक अशी असली, तर एखाद्या वेळी. बाकी टाका. दहातले आठ डाव टाकायचेच, असं धरून चला.’’

बाईंनी मान डोलावली आणि प्रत्येक डाव खेळल्या. तासाभरात समोर एक बटण उरलं नाही. पुढच्या शनिवारीही तेच.

‘‘सत्ती-दुरी घेऊन लढाईला निघालात, वहिनी?’’ ड्रायव्हर हसून म्हणाला. ‘‘याहून रद्दी पानं कॅटात नाहीत!’’

तिसऱ्या शनिवारी घड्याळवाल्याने पिसता पिसता हात थांबवला. ‘‘पानं वाईट आहेत हे तुम्हाला कळतं. मग टाकत का नाही?’’

बाईंनी समोरची बटणं एका रांगेत लावली. मग म्हणाल्या, ‘‘टाकली की मी डावाबाहेर. तुम्ही खेळणार आणि मी नुसती बसणार. ते तर घरीही करते.’’

मास्तर म्हणाले, ‘‘वहिनी, इथे पानं टाकलेला माणूसच बोलतो. खेळणाऱ्याला कुठली सवड? तुमचे हे तर एकामागून एक डाव टाकायचे आणि मग जे सुरू व्हायचे! पोट दुखेपर्यंत हसायचो आम्ही.’’

‘‘कोण? आमचे हे?’’

‘‘हो तर! पत्रांवरच्या चुकलेल्या पत्त्यांच्या गमती, साहेबांच्या नकला. तुम्ही दातांत दोरा धरून भांडता, तेसुद्धा करून दाखवायचे.’’

बाई हसल्या, कारण तिघं हसत होते.

घरी येऊन त्या चप्पल न काढताच पलंगावर बसल्या. राग येईना, रडूही येईना. शेजारच्या उशीवरचा माणूस आठवडाभर शनिवारची वाट बघत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. संध्याकाळी कामावरून आला की तो जरा वेळ दारापाशी रेंगाळायचा, हे त्यांना आठवलं. काहीतरी सांगायचं असेल का? त्या घरी आणलेल्या शर्टांवर वाकलेल्या असत, तोंडात दोरा. ‘हं’ म्हणत. मान वर करत नसत.

पुढचे दोन शनिवार त्या गेल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी गेल्या आणि पहिले सहा डाव सरळ टाकले. सातव्यात राजा आणि चौका आला. मोह झाला. खेळल्या आणि हरल्या. ‘‘नुसता राजा बघू नका,’’ डाव संपल्यावर घड्याळवाला म्हणाला. ‘‘सोबतीला कोण आहे ते बघा.’’

आठवा डावही त्यांनी टाकला. मग घसा खाकरून म्हणाल्या, ‘‘परवा दुकानात एक जण कोट घेऊन आला...’’

‘‘एक मिनिट हं, वहिनी,’’ ड्रायव्हर पानांवरची नजर न हलवता म्हणाला.

बाईंनी गोष्ट तिथेच सोडली. उगाच बोलले, असं वाटलं. डाव संपला, बटणं मास्तरांकडे गेली. घड्याळवाल्याने पानं गोळा केली. ‘‘हं, मग कोटवाल्याचं काय झालं?’’

त्यांनी सांगितलं. काही फारसं जमलं नाही. गंमत शेवटी यायची, ती मधेच सांगून टाकली. मास्तर तेवढे थोडे हसले.

आता बाई ड्रायव्हरपेक्षा बऱ्या खेळतात. कुठली पानं टाकायची, हे त्यांना बघताक्षणी कळतं. बाकीचे सहा दिवस घर तसंच असतं. दुकानात मात्र काजं करता करता त्या हल्ली मान वर करून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकतात. शनिवारी सांगण्याजोगं काही निघतंय का बघतात. एखाद्या आठवड्यात काहीच निघत नाही.